एका जनावराचा धनगर

बिराण्णा रोज दिवस कलला की आपली जनावरं मोजायचे. घराच्या दाराशी उकिडवे बसायचे, काठीचं टोक पुढं करायचे आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "एक." थोडं थांबायचे. मग उठून खुराड्याची कडी लावायचे. मोजणी संपली. जनावर एकच होतं, आणि ते मेंढरूही नव्हतं.

ते होतं हेजहॉग. साळिंदर डोळ्यांपुढं आणू नका, साळिंदर केवढं थोरलं. हे ओंजळीत मावणारं, उंदरासारख्या तोंडाचं, पाठभर आखूड काटे असलेलं. हात लावला की तोंड-पाय पोटात घेऊन चेंडू होतं. आमच्या माळावर पूर्वी दिसायचं म्हणतात. मी तरी कॉलेजच्या पुस्तकातच पाहिलं होतं. कानडीत काट्याला मुळ्ळु म्हणतात. बिराण्णांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुळ्ळप्पा.

मी जनावरांची डॉक्टर. माहेर बसवकल्याणचं, नोकरी खजुरीच्या सरकारी दवाखान्यात. रुजू झाले त्या दिवशी बाहेरच्या बाकावर घोंगडी पांघरलेले एक म्हातारे बसले होते. मे महिना होता. मला वाटलं, कुणाची तरी शेळी घेऊन आले असतील. दुपार झाली, शेळ्या आल्या आणि गेल्या, हे बसलेलेच.

"मामा, तुमचं जनावर कुठंय?"

"घरी हाय."

"मग इथं कामून बसलाय?"

"बघायलो."

बघणं हाच त्यांचा धंदा होता. लोक म्हैस घेऊन यायचे, आधी बाकापाशी थांबायचे. बिराण्णा म्हशीकडं बघायचे आणि सांगायचे, "ताप हाय. कान बघा की कसा पाडलाय. जावा आत." मी आत थर्मामीटर लावायचे. ताप असायचाच. पहिले दोन महिने मला याचा राग आला. पावसाळ्यात त्यांचा बाक भिजायला लागला तेव्हा मीच तो व्हरांड्यात घेतला.

माणसांनाही ते मेंढरासारखंच बघायचे. आमच्या शिपायाला एकदा म्हणाले, "तुझी चाल बिघडलीय. डाव्या खुरात काय तर हाय." शिपायानं बूट काढला. खिळा होता.

कुठलीही गोष्ट विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं. "बघून सांगतो." मामा, वय किती तुमचं? बघून सांगतो, आणि कोपरीच्या खिशातून आधार कार्ड निघायचं. ते मलाच वाचावं लागायचं. मामा, जेवलात का? बघून सांगतो. यावर त्यांची विधवा बहीण रखमाक्का, जी त्यांच्याच घरात राहून त्यांना भाकरी घालायची, ती मला एकदा म्हणाली, "खरंच बघतंय ते. टोपलीत भाकरी किती ऱ्हायल्यात ते मोजतंय, मग म्हनतंय जेवलो."

रखमाक्काचं आणि मुळ्ळप्पाचं वैर होतं. म्हणजे तिचं होतं, मुळ्ळप्पाचं काही नव्हतं. हेजहॉगला खायला किडे लागतात. बिराण्णा सकाळी उठून गल्लीतल्या दिव्याच्या खांबाखाली पडलेले किडे, भुंगे, नाकतोडे वेचायचे आणि डब्यात भरून आणायचे. तो डबा रखमाक्काच्या तिखटाच्या डब्यासारखाच होता. एकदा तिनं आमटीला फोडणी घालताना चुकीचा डबा उघडला. त्यानंतर आठ दिवस बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पण मला वाटतं, त्यात फार फरक पडला नसावा. एरवीही त्या घरात बोलणं फार नव्हतं. ती कोपऱ्यात बसून मिश्री लावायची, हे दारात बसायचे.

मुळ्ळप्पा आला कसा, तेही बघण्यातूनच. कुणाच्या तरी रानात दगडी बांध फोडायला जेसीबी आला होता. गाव यंत्र बघत होतं आणि बिराण्णा उपटलेले दगड बघत होते. दगडात हे पिल्लू होतं, मागचा एक पाय चिरडलेला. त्यांनी ते घोंगडीत घेतलं, हळद-तेल लावलं, पाय वाळून गळून पडला आणि पिल्लू जगलं.

जंगलखात्याचा गार्ड एकदा चौकशीला आला होता म्हणतात. रानातलं जनावर घरात ठेवता येत नाही, हे त्यानं समजावलं, आणि ते खरंही आहे. बिराण्णा बरं म्हणाले. दोघं मिळून माळावर गेले, मुळ्ळप्पाला एका झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसले. तीन पायांचं जनावर जागच्या जागी गोल फिरत राहिलं. दिवस बुडताना बाभळीवर घुबड येऊन बसलं, तेव्हा गार्डच आधी उठला. "पावसाळ्यात परत बघू," म्हणाला. तो पावसाळा पुढं आलाच नाही. गार्ड मात्र अधूनमधून यायचा, रुमालात नाकतोडे बांधून.

हे सगळं मला ऐकीव. मी आले तेव्हा मुळ्ळप्पा पाच-सहा वर्षांचा, म्हणजे म्हाताराच होता. काटे विरळ झाले होते, चाल मंदावली होती. त्याला मी पहिल्यांदा हातात घेतलं ते एका सकाळी. बिराण्णा बाकावर न बसता थेट आत आले आणि ॲल्युमिनियमचा डबा टेबलावर ठेवला.

"अक्का, ह्याचं गालफड सुजलंय. खाताना मान वाकडी करायलाय."

मला त्याचं तोंड नीट उघडता येईना. वरच्या हिरडीला सूज होती, एक दात हलत होता, लाळ गळत होती. दाताला पू झालाय असं मी ठरवलं आणि औषध दिलं. सूज थोडी उतरली. मी खूश झाले. तीन आठवड्यांनी ती दुप्पट होऊन परत आली. हे मी लपवत नाही. ते तीन आठवडे माझ्या अंदाजात गेले.

बीदरला मोठ्या दवाखान्यात माझे एक सर होते. मी त्यांना फोन केला आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. बसमध्ये कंडक्टरनं डब्याकडं बोट दाखवून कानडीत विचारलं, आत काय. बिराण्णा म्हणाले, "जितराब हाय. त्याचं तिकीट फाडा."

कंडक्टरनं झाकण उचलून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोंबडीचं तिकीट असतं, बकरीचं असतं, याचं काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून मला तिकीट नव्हतंच. "अक्का फुकट, जितराब फुकट, मी एकटाच काय गुन्हा केला," असं बिराण्णा हुमनाबादपर्यंत म्हणत होते. कंडक्टर हसत होता. डबा दोन्ही हातांनी धरून ते ताठ बसले होते आणि खड्डा आला की डबा वर उचलायचे, म्हणजे धक्का डब्याला न लागता त्यांना लागेल.

सरांनी मुळ्ळप्पाला गुंगी देऊन सुजेचा बारीक तुकडा काढला. आठवड्यानं त्यांचा फोन आला. तोंडाचा कॅन्सर होता आणि जबड्याच्या हाडात शिरला होता. म्हाताऱ्या हेजहॉगमध्ये गाठी पुष्कळ होतात, सर म्हणाले, कुणाला तोंडात, कुणाला पोटात. कापून निघण्यासारखं नाही. वेदना कमी ठेवायची, मऊ खायला द्यायचं, आणि ते जमेनासं झालं की इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवायचं.

बिराण्णा बाकावर होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "जनावराला बी होतंय?"

"होतो."

"त्यानं तर तंबाखू खाल्ली न्हाई कधी."

मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण ते थट्टा करत नव्हते. मी म्हणाले, "म्हातारपणात होतो, मामा. दर वेळी कुणी काही केलं म्हणूनच होतो असं नाही."

"कुनी काय केलं म्हनून न्हाई?"

"नाही."

"मानसाचं बी तसंच?"

मी म्हणाले, माणसाचं थोडं वेगळं असतं. तंबाखू, मिश्री यानं होतो, आणि काहींना ते काही न करताही होतो. त्यांनी मान हलवली आणि उठून गेले. त्या दिवशी दुपारची जनावरं त्यांनी न बघताच आत आली.

पुढचे तीन महिने मात्र त्यांनी मुळ्ळप्पाला असं सांभाळलं, की माझ्या हाताखाली तसा माणूस असता तर मी आणखी काही मागितलं नसतं. वेदनेचे थेंब दिवसातून दोनदा द्यायचे होते. घड्याळ त्यांना कळत नव्हतं. सोलापूरची गाडी गेली की सकाळचं, आळंदची शेवटची आली की संध्याकाळचं, असं आम्ही ठरवलं. एकदा गाडी बिघडून आलीच नाही, तर स्वतः येऊन विचारून गेले, औषध द्यायचं की गाडीची वाट बघायची. किडे चावता येईनात म्हणून ते पाट्यावर वाटायला लागले. पाटा अर्थात रखमाक्काचा. ती चार दिवस तोंड फिरवून बसली, पाचव्या दिवशी दुसरा पाटा घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यो तुझ्या लेकराचा." उकडलेलं अंडं तीच कुस्करून द्यायला लागली.

वजन दर सोमवारी करायचं होतं. माझ्याकडचा काटा बैलांचा. म्हणून आम्ही सोनाराकडं जायचो. सोनार छोट्या काट्याच्या ताटलीत फडकं पसरायचा, मुळ्ळप्पाला ठेवायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. आकडा दर सोमवारी उतरायचा. आधी तो म्हणायचा, "एवढ्या वजनाचं सोनं आनलं असतं तर." नंतर तो काही बोलेनासा झाला. शेवटच्या एका सोमवारी त्यानं आकडा वाचलाच नाही, फडकं घडी करून ठेवलं आणि आमच्यासाठी चहा मागवला.

मी बिराण्णांना सांगून ठेवलं होतं, की वेळ आली की मी सांगेन. मला सांगावं लागलंच नाही. तेच आले. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर उभे होते. डबा नव्हता. मुळ्ळप्पा तळहातावर होता, उघडा, आडवा.

"अक्का, ह्यो आता गोळा होईना."

मी बोट लावलं. काटे उभे राहिले नाहीत. गालातून रक्त येत होतं. एक डोळा सुजेत गेला होता, दुसरा उघडा होता.

"दुखतंय का त्याला?"

"हो."

"औषध दिलं तरी?"

"आता औषध पुरत नाही, मामा."

"लई दुखतंय?"

"हो. खूप."

त्यांनी घोंगडी काढली. मी त्यांना घोंगडीशिवाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फार बारीक होते. घोंगडीची घडी करून टेबलावर ठेवली, त्यावर हात ठेवला, हातावर मुळ्ळप्पा. "मग करा," म्हणाले. "माझ्या हातातच ऱ्हाऊ द्या."

मी आधी गुंगी दिली, मग इंजेक्शन. ते सबंध वेळ त्याच्या नाकाकडं बघत होते. नाक हलायचं थांबलं. मी स्टेथोस्कोप लावून सांगितलं, गेला. ते म्हणाले, "व्हय. बघितलं मी."

शिपायानं पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही. त्या दिवशी बाहेर जनावरं खोळंबली होती, पण मला उठवेना. मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडं न बघता.

"आमच्या मालकिनीला असंच झालतं. भागीरथीला. गालातच. आठ वर्सं झाली."

मला माहीत नव्हतं. गावात कुणी सांगितलं नव्हतं, किंवा गावाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल.

"सोलापूरला न्हेलं. डाक्टर म्हनला, घरी न्ह्या आता. घरी आनली. तवा सवाशे मेंढरं होती माझी. जवारी निघाली की भीमाकाठाला जायाचं, अफजलपूरकडं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. रानवाले वाट बघायलते. मी म्हनलं, म्हयन्यात येतो. तिला बोलता येत नव्हतं. मान हलवली तिनं."

मुळ्ळप्पाच्या पाठीवरचे काटे त्यांनी अंगठ्यानं एका दिशेला सारखे केले.

"अफजलपूरला फोन आला. मी पोचूस्तोवर समदं झालतं. लोक म्हनले, मेंढरं कशी टाकून येनार, तुझं काय चुकलं. व्हय म्हनलं मी. पर तसं न्हाई ते. रखमा हुती, ती बघली असती मेंढरं, भाच्याला धाडता आलं असतं. मला घरात थांबू वाटंना, मनून मी गेलो. ती एकदा बी कण्हली न्हाई. आनि मी इचारलं न्हाई, दुखतंय का मनून. इचारलं असतं तर ऱ्हावं लागलं असतं."

मग म्हणाले, "तिची मिश्रीची तंबाखू मीच आनायचो. परत्येक बाजारातनं. दुसरं काय आनावं ते कळायचं न्हाई. ती खूश व्हायची."

मी म्हणाले, "मामा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"व्हय," ते म्हणाले. "तंबाखूचं ठावं नव्हतं."

मेंढरं त्यांनी बायकोच्या तेराव्यानंतर एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा देऊन टाकली होती. गावाला वाटलं, वय झालं.

मुळ्ळप्पाला त्यांनी स्वतः माळावर नेऊन पुरलं. पंधरा दिवस बाक रिकामा होता. लोक म्हैस घेऊन यायचे, सवयीनं बाकापाशी थांबायचे, मग आत यायचे.

सोळाव्या दिवशी ते आले. पाठोपाठ रखमाक्का, तोंडाला पदर लावून, रागानं लाल.

"अक्का, हिचं तोंड बघा."

"मामा, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"म्हनूनच आनलंय," रखमाक्का पदराआडून म्हणाली. "मेंढरूच समजायलाय मला ह्यो. आठ दिस झालं मागं लागलाय, तोंड उघड, तोंड उघड. शेजारनीम्होरं बी म्हनला. लाज न्हाई."

"भाकरी उजवीकडनं चावती ही," बिराण्णा म्हणाले. "दोन महिने बघायलो. आदी दोन्हीकडनं चावायची."

मला तोंडात बघण्याचा अधिकार नव्हता, पण टॉर्च होता. डाव्या गालाच्या आत मिश्री जिथं धरायची तिथं पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा, मध्ये लालसर. मी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, उद्या आपण आळंदला माणसांच्या डॉक्टरांकडं जाऊ. रखमाक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "भागीवानी हाय का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, मला सांगता येणार नाही. खरंच सांगता येत नव्हतं.

आळंदहून त्यांनी कलबुर्गीला पाठवलं. तिथं तुकडा काढला. दहा दिवसांनी कागद आला. कॅन्सर नव्हता अजून, पण वाट त्याच दिशेची होती. चट्टा काढून टाकायचा, मिश्री बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं ठरलं. कागद ऐकून रखमाक्कानं कमरेची मिश्रीची डबी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि भावाच्या हातात दिली. डबी त्यांनीच दिलेली असावी. त्यांनी ती कोपरीच्या खिशात टाकली. तिचं पुढं काय केलं ते मी विचारलं नाही.

चट्टा काढायचा होता त्या दिवशी मला कलबुर्गीत खात्याची बैठक होती. साडेचारला मोकळी झाले आणि दवाखान्यात गेले. रखमाक्का आत, बायकांच्या वॉर्डात होती. तिथं पुरुषांना बसू देत नाहीत. नर्सनं बिराण्णांना तीनदा बाहेर काढलं होतं असं तिनंच मला सांगितलं, वैतागून. चौथ्यांदा तिनं नाद सोडला होता. ते दाराच्या चौकटीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्यांना ओलांडून जात होत्या. त्यांच्या मांडीवर रखमाक्काच्या चपला होत्या.

"चपला खाली ठेवा की मामा."

"हितं कुनीबी उचलून न्हेतंय," ते म्हणाले. "ती उटली की लागत्याल तिला."

आतून रखमाक्काचा आवाज आला. गालात कापूस होता म्हणून शब्द नीट लागत नव्हते, पण भावाला घरी जा म्हणून सांगत असावी. मी म्हणाले, "मामा, मी आता खजुरीला निघालेय, जीप आहे. तुम्ही चला. नर्स आहे, सकाळी मी फोन करून विचारते."

त्यांनी मान वळवून आत बघितलं. खाटेवर रखमाक्का गालाला हात लावून भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"दुखायलंय तिला," ते म्हणाले. "मघा इचारलं मी. तुमी जावा अक्का. मी हाय हितं."